रस्त्याला न टेकलेले बूट

आमच्या घरात गाडी आली तेव्हा तिच्यात बसायचे नियम सासऱ्यांनी केले, आणि चालवायचे नियम तोपर्यंत कुणाला धड माहीत नव्हते.

सासरे गणपती करणारे. पेणमध्ये यात विशेष काही नाही. आमच्या आळीत दर दुसऱ्या घराला कारखाना आहे. कारखाना म्हणजे यंत्रं आणि भोंगा नव्हे. पत्र्याची शेड, खाली कोबा, फळ्यांवर ओळीने बसलेले कच्चे गणपती आणि शाडूचा ओला वास. तिथे चपला घालून कुणी जात नाही. गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी चपला पायरीखाली. एकदा मुंबईचे एक साहेब चकचकीत बूट घालून थेट आत शिरले. सासरे नुसते त्यांच्या बुटांकडे बघत राहिले. साहेब मूर्तीची उंची विचारत होते, डिलिव्हरीचं विचारत होते, आणि हे बुटांकडे बघत होते. शेवटी साहेबच कसनुसे होऊन बाहेर गेले आणि मोज्यांवर परत आले. सासऱ्यांना ओरडणं कधी जमलं नाही, पण बघणं फार छान जमायचं.

गाडी आणली माझ्या नवऱ्याने. तो धाटावला एका केमिकल कंपनीत शिफ्टला होता आणि पेणहून कंपनीच्या बसने जायचा-यायचा. त्याच्या एका साहेबाची बदली झाली आणि साहेबाची जुनी पांढरी गाडी आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आळीत दुचाक्या भरपूर होत्या, पण गाडी आमचीच पहिली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. शेजारच्या काकूंनी काचेवरही हळद-कुंकू लावलं, ते पुढे कितीतरी दिवस वायपरने पसरत राहिलं. मग सासरे आतून पदरचं काहीतरी घेऊन आले. स्वतः केलेला, मुठीत मावेल एवढा शाडूचा गणपती. तो त्यांनी स्टिअरिंगच्या पुढे, बरोबर मधोमध चिकटवला.

"बाबा, तोंड रस्त्याकडे करा ना. सगळे तसंच करतात," नवरा म्हणाला.

"रस्ता बघायला तू हायस. त्यानं तुला बघायचं," सासरे म्हणाले आणि बाप्पाचं तोंड आमच्याकडेच ठेवलं. मग एक पाऊल मागे सरून त्यांनी मूर्ती बरोबर बसली का ते पाहिलं, गाडीचं दार उघडं धरलं आणि म्हणाले, "आता चपला भायेर."

नवऱ्याला वाटलं, पूजेपुरतं असेल. पण ते कायमचं होतं. जिथे बाप्पा बसलाय तिथे चपला नाहीत, हा कारखान्याचा कायदा आता गाडीलाही लागू झाला होता. नवऱ्याने थोडा वाद घातला. क्लच, ब्रेक, पायाला लागतं वगैरे बोलला. सासऱ्यांनी त्याच्या बुटांकडे बघायला सुरुवात केली आणि वाद संपला.

खरं सांगायचं तर नवऱ्याचे बूट बघण्यासारखेच होते. कंपनीचे सेफ्टी शूज. पुढे आत लोखंडी वाटी, खाली टायरसारखा तळ. वरून अर्धा पिंप पडला तरी बोटं शाबूत राहावीत म्हणून केलेले. असा बूट क्लचवर ठेवला की शेजारचा ब्रेकही आपोआप दाबला जायचा, आणि ॲक्सिलरेटर दाबलाय की सोडलाय हे नवऱ्याला इंजिनाच्या आवाजावरून कळायचं. तेव्हा एका अर्थाने सासऱ्यांचा कायदा रस्त्यावरच्या लोकांच्या भल्याचाच होता. पण कंपनीच्या बसमधून उतरून तसाच आम्हाला गाडीतून फिरवायला निघालेला नवरा बूट काढायचा आणि मोजे ठेवायचा. आठ तास कंपनीत शिजलेले मोजे, बंद काचा आणि समोर बाप्पा. चपलांचा विटाळ परवडला असता, असं मला तेव्हाही वाटायचं आणि मी ते बोलूनही दाखवायची.

या कायद्याचा पहिला दणका आम्हाला रोह्याच्या एका लग्नात बसला. रोहा माझं माहेर. मे महिन्यातलं दुपारचं लग्न. सासरे, नवरा, मी, आमची लहान मुलगी आणि शेजारच्या काकू असे पाच जण नटूनथटून अंगणात आलो. गाडीच्या दाराशी प्रत्येकाने रोजच्या सवयीने चपला काढल्या, कारखान्याच्या पायरीशी काढतात तशा, ओळीने, जोडीला जोड लावून. दारं लागली आणि गाडी निघाली. वडखळ गेलं, नागोठणं गेलं, खिंड चढून उतरलो, आणि मांडवासमोर गाडी थांबली तेव्हा काकूंनी पाय बाहेर टाकला आणि तसाच आत घेतला.

"माझ्या चपला कुठंत गो?"

आमच्या सगळ्यांच्या चपला पेणला अंगणात होत्या.

रस्ता तव्यासारखा तापला होता. जरीच्या साड्या, गळ्यात ठेवणीतले दागिने, नवऱ्याचा कडक इस्त्रीचा शर्ट, आणि खाली पाच जोड्या अनवाणी पाय, मांडवाकडे उड्या मारत चाललेले. वधूपक्षाचे लोक अत्तर लावायचं सोडून आमच्याकडे बघायला लागले. सासरे मात्र सावकाश, ताठ चालत गेले. "मांडवात चपला काढायच्याच असतात. आपण घरीच काढून आलो," असं त्यांनी तिथे दोघा-तिघांना समजावूनही सांगितलं. जेवणं झाल्यावर नेहमीप्रमाणे मांडवाबाहेर चपलांची शोधाशोध सुरू झाली, कुणाची एक सापडेना, कुणाची दोन्ही. तेव्हा सासरे हात पुसत म्हणाले, "आपल्या बघा, किती सुरक्षित हायत." आणि पेणला आमच्याकडे आलेलं एक गिऱ्हाईक अंगणातल्या पाच जोड्या बघून अर्धा तास दार ठोकत बसलं होतं, घरात सगळे असून उघडत का नाहीत म्हणून. त्यानंतर चपलांसाठी डिकीत एक पिशवी आली. कायदा तसाच राहिला.

हे सगळं मी हसत सांगते, पण त्या गाडीत माझा जीव अडकला होता. माझी आई रोह्याला एकटी राहायची. वडील गेल्यावर मी तिला कितीदा म्हटलं, पेणला चल. ती म्हणायची, लेकीच्या सासरी जाऊन राहायचं, व्याही काय म्हणतील? मग मीच जायची, एसटीने. गाडी भरून यायची, नाहीतर यायचीच नाही. पोचेपर्यंत दुपार. भाकरी खाऊन होईतो आईची नजर घड्याळाकडे. मी जरा कुठे तिच्या मांडीवर डोकं टेकलं की ती म्हणायची, "ऊठ गो, गाडी चुकंल." वालाची पिशवी हातात द्यायची आणि मला दारापर्यंत ढकलत न्यायची. मला तिच्यापेक्षा त्या वाक्याचा राग यायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी आईकडे माझ्या मर्जीने उठेपर्यंत अशी एकदाही बसले नव्हते. अंगणात गाडी उभी, नवरा शिफ्टला, आणि मी एसटी स्टँडवर. मी ठरवलं, गाडी शिकायची.

शिकवणारे गृहस्थ पेणातलेच, मोटार ट्रेनिंगवाले. पहिल्या दिवशी मी गाडीत बसणार तोच म्हणाले, "ताई, आधी पाय दाखवा." मला वाटलं, हे काय मुलगी बघायला आलेत? मी चांगल्या ठिकाणी जायचं म्हणून उंच टाचेचे सँडल घालून गेले होते. "ह्ये देवळात जाताना घाला," ते म्हणाले. टाच जमिनीला टेकवून नुसता पंजा पुढे-मागे करायचा असतो म्हणे. माझी टाच जमिनीपासून चार बोटं वर लटकत होती.

दुसऱ्या दिवशी मी चिडून घरातली रबरी स्लिपर घालून गेले. म्हटलं, घ्या, आता कुठे टाच आहे? त्या स्लिपरने मला अद्दल घडवली. क्लच दाबला तोवर ठीक होतं. सोडायला गेले तर स्लिपरचं पुढचं टोक क्लचखाली जाऊन अडकलं. मी पाय ओढला, पाय आला, स्लिपर तिथेच राहिली आणि गाडी गचके खात सरळ म्हशींच्या कळपाकडे निघाली. म्हशी हलल्या नाहीत. त्यांचा शिकाऊ लोकांवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास असावा. गृहस्थांनी त्यांच्याकडच्या ब्रेकवर पाय दिला आणि शांतपणे म्हणाले, "मागून बंद पायजे." त्यांच्या स्वतःच्या पायात अंगठा तुटून खिळ्याने जोडलेली चप्पल होती, पण गाडी मी चालवत होते, त्यामुळे मला बोलता येईना.

मग मी कोल्हापुरी घालून बघितली, ती ब्रेकवरून साबणासारखी घसरली. नवऱ्याचे पळायचे बूट घालून बघितले, त्यांचा तळ इतका जाड की क्लच दाबतेय की गादी, काही कळेना. शेवटी आळीतल्याच एका मुलीचे मागे पट्टा असलेले सपाट सँडल मागून आणले आणि त्यांच्यावर पासही झाले. तेव्हा कुठे मला कळलं की गाडी हाताने चालवतात असं सगळ्यांना दिसतं, पण खरी ती तळपायाने चालवावी लागते. क्लच हळूहळू सोडताना एका जागी गाडी अंग शहारावं तशी थरथरते आणि तळव्याला ते कळतं. तिथे पाय धरायचा. बुटाला ते कळलं पाहिजे, नाहीतर बूट काय कामाचा?

लायसन घेऊन मी सासऱ्यांपुढे उभी राहिले. गाडीची किल्ली देवघरात, त्यांच्या ताब्यात असायची. त्यांनी लायसनवरचा माझा फोटो दूर धरून बघितला, नाक जरा मोठं आलंय असं सांगितलं आणि किल्ली काढून दिली.

"शिकलीस ना? मग चालव. पन अनवानी."

मी कपाळावर हात मारून घेतला. एवढ्या चपला पालथ्या घालून मी योग्य ती शोधली होती आणि ती डिकीतल्या पिशवीत जाणार होती. तरी एक कबूल करायला हवं, हे मी नवऱ्याला कधी सांगितलं नाही, की अनवाणी पायाला क्लच जितका कळतो तितका कशालाच कळत नाही. सासरे म्हणतात त्यात काहीच तथ्य नाही असं नव्हतं. पण क्लचवरचं रबर कधीच झिजून गेलेलं, आतलं लोखंड उन्हात तापायचं, आणि ब्रेक जोरात दाबला की तळव्यावर वळ उठायचा. आळीतून स्टँडपर्यंत आणि परत, एवढ्यावर मी दिवस काढले.

श्रावणात एका सकाळी मी एकटीने रोह्याला जायचं ठरवलं. नवरा पहिल्या शिफ्टला गेलेला. आईला फोन करून सांगितलं, आज मी गाडी घेऊन येतेय. तिने विचारलं, "कुठली गाडी, साडेनऊची?" मी म्हटलं, आपली.

बारीक पाऊस होता. चपला काढून मी ओल्या पायांनी गाडीत बसले. अंगणात गाडी वळवायला दोन-तीनदा पुढे-मागे करावी लागे, आणि पुढे म्हणजे कारखान्याच्या शेडकडे. गणपती तोंडावर आलेले, शेडच्या कडेपर्यंत फळ्या भरलेल्या. मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडायला लागले आणि ओला पाय लोखंडावरून सटकला. गाडीने उडी मारली. पुढचा भाग शेडच्या खांबाला लागला आणि ती बंद पडली. फळी हलली. मी दार उघडून तशीच आत धावले. एका कच्च्या गणपतीचा वर केलेला हात, आशीर्वादाचा, मनगटापासून निखळून खाली पडला होता.

सासरे आले. त्यांनी तो हात उचलला, ओल्या फडक्यात गुंडाळला. नेहमीप्रमाणे नुसते खाली बघत राहिले, माझ्या पायांकडे. मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटत होतं. मग त्यांनी गाडीतली किल्ली काढली आणि देवघरात नेऊन ठेवली. मी एसटीने रोह्याला गेले. आईने विचारलं, तुझी गाडी कुठाय, आणि मी म्हटलं, पाऊस होता. चार वाजता ती म्हणाली, "ऊठ गो, गाडी चुकंल." परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले.

दुसऱ्या दिवशी जेवताना मात्र माझ्या जिभेला धार आली. "बाबा, एक लक्षात घ्या," मी म्हटलं, "बाप्पाचा हात मोडला तो अनवाणी पायाने. माझ्या चपलेने अजून कुणाचा हात मोडलेला नाही." नवऱ्याला ठसका लागला. सासरे आमटी ओरपत राहिले. मग गणपतीची घाई सुरू झाली. मोडलेला हात त्यांनी असा सांधला की कुठला तो नंतर मलाही ओळखता आला नाही. मीही रात्रंदिवस सोनेरी रंगाच्या वाटीत बुडाले. किल्लीचा विषय कुणी काढला नाही आणि मी हट्टाने विचारलं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे कारखान्यातली अवजारं धुऊन पाटावर मांडतात. त्यांना हळद-कुंकू, फुलं, त्या दिवशी कुणी त्यांना हात लावायचा नाही. मी पाटापाशी नैवेद्य घेऊन गेले. कोरण्या होत्या, ब्रश होते, माती कापायच्या तारा होत्या, नवऱ्याचे पाने होते, मी मागच्या वर्षी ठेवायला लावलेली माझी विळी होती. आणि विळीच्या शेजारी कॅनव्हासच्या पांढऱ्या बुटांची जोडी. शाळेत कवायतीला घालतात तसे, पातळ रबरी तळाचे. दोन्ही बुटांवर कुंकवाची बोटं आणि एकेक झेंडू.

"हे कुणाचे?"

"तुजे," सासरे म्हणाले.

"बाबा, चपला? पाटावर?"

"चपला न्हवं गो त्या. रस्त्याला टेकली तर चप्पल. नाय टेकली तर अवजार. ही तुजी पायातली कोरणी. गाडीत ठेवायची, गाडीत घालायची, गाडीत काढायची. भुईला लावायची नाय."

हा निवाडा करायला त्यांना श्रावणापासून दसऱ्यापर्यंतचा वेळ लागला होता. मी विचारलं, माप कुठून आणलंत? ते दुसरीकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी तू धावत आलीस तवा खाली शाडू सांडलेला. पाऊल उमटलं. तुला वाटलं असंल मी रागं भरतोय. मी सुतानं माप घेतलं नंतर." मी पदर तोंडाला लावला आणि आत गेले.

एवढं सगळं करून बूट मोठे झाले, ते निराळं. ओल्या मातीत पाऊल पसरतं, हे सगळं आयुष्य मातीत घालवलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. मी घालून दाखवले तर पुढे दोन बोटं जागा. सासरे म्हणाले, "वाढंल पाय." वयाच्या चौतिसाव्या वर्षी माझा पाय वाढणार होता. मी मूर्ती बांधायच्या कागदाचे बोळे करून बुटांच्या टोकात कोंबले आणि ते अगदी घट्ट बसले. मूर्तिकाराची चूक त्याच्याच कागदाने बुजवली असं मी त्यांना ऐकवलं, तेव्हा त्यांना ऐकू आलं नाही.

मग पेणने एक नवीन तमाशा बघितला. मी दार उघडून सीटवर आडवी बसायची, पाय बाहेर. चपला काढायची, पिशवीत टाकायची. पाय हवेत धरून कॅनव्हासचे बूट चढवायची, नाड्या बांधायची आणि मग दोन्ही पाय एकदम उचलून आत घ्यायची. उतरताना हेच सगळं उलटं. पेट्रोल पंपावरच्या माणसाने दोनदा विचारलं, पायाला काही लागलंय का? बाजारात बायका थांबून बघायच्या. पण गाडी अशी चालायची की बघत राहावं. पातळ तळ, मागून बंद, टाच घट्ट. नागोठण्यापुढच्या खिंडीत पुढचा ट्रक चढावर थांबला तरी मी तळव्यावर गाडी तोलून धरायची, ती बोटभर मागे यायची नाही.

पहिल्यांदा मी रोह्याला पोचले तेव्हा आई दारातच उभी होती. तिने गाडीभोवती एक फेरी मारली आणि आत जाऊन भाकऱ्या टाकल्या. जेवून मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. चार वाजले आणि ती सवयीने म्हणाली, "ऊठ गो, गाडी..." आणि थांबली. आम्ही दोघींनी दाराबाहेर बघितलं. गाडी तिथेच उभी होती, कुठेही जात नव्हती. आई हसली आणि माझ्या केसांतून हात फिरवत राहिली. अंधार पडायच्या जरा आधी मी आपणहून उठले.

अशी दोन वर्षं गेली. मग एका पावसाळ्यात दुपारी रोह्याहून शेजारणीचा फोन आला. आई मागच्या दारी शेवाळावर घसरली, घोटा मोडला, डॉक्टरकडे नेऊन प्लास्टर घालून आणलंय. "ती म्हनत व्हती, तुला कळवू नको," शेजारीण म्हणाली. नवरा दुसऱ्या शिफ्टला आत गेलेला, रात्रीपर्यंत बाहेर येणार नव्हता. सासरे आत आखणीला बसलेले, म्हणजे डोळे रंगवायला. आखणी करताना त्यांच्याशी कुणी बोलायचं नसतं. मी दारातून ओरडून सांगितलं आणि निघाले.

कशी पोचले ते आठवत नाही. गाडी दारात लावली आणि सरळ आत धावत गेले. आई खाटेवर होती, पाय उशीवर. माझ्याकडे बघून ती पहिलं वाक्य काय बोलली? "बूट घालून घरात आलीस गो?" मी खाली बघितलं. पांढऱ्या बुटांवर अंगणाचा तांबडा चिखल होता, घोट्यापर्यंत. ते बूट दोन वर्षांत पहिल्यांदा भुईला लागले होते.

तिला पेणला आणायला मला तिच्याशी भांडावं लागलं. व्याही काय म्हणतील, हे तिचं पालुपद. मी म्हटलं, काय म्हणायचं ते म्हणतील, तू ऊठ. शेजारणीने आणि मी तिला मागच्या सीटवर पाय लांब करून बसवलं. वाटभर ती पदर सावरत होती आणि मी पायातल्या चिखलाचा विचार करत होते. बूट ओले झाले होते, आतले कागद भिजून गोळा झाले होते, आणि मला सासऱ्यांची खाली बघणारी नजर दिसत होती. आईला घरात ठेवायचं विचारायचं, आणि वर हे बूट. त्यांच्याकडून एवढं सगळं एका दिवसात कसं मागायचं, मला सुचेना.

अंगणात गाडी थांबली तेव्हा सासरे पायरीवरच उभे होते. आखणी अर्धी टाकून आले होते, बोटांना काळा रंग तसाच. मी आईच्या बाजूचं दार उघडलं. पाय बाहेर घ्यायचा तर पाठीला कुणीतरी आतून आधार द्यायला हवा होता. मी दुसऱ्या बाजूला जायला वळले, तोवर ते दार उघडून सासरे आत शिरलेही. एक गुडघा सीटवर, एक पाय खाली, गाडीतली जी जाजमं ते स्वतः धुवायचे त्यांच्यावर. "विहीणबाई, टाका हात माज्या खांद्यावर. लाजू नका. घर तुमचंच हाय," ते म्हणाले. आई रडायला लागली. आणि मी त्यांच्या पायाकडे बघत राहिले. त्यांच्या पायात चपला होत्या. अंगणातल्या चिखलाने भरलेल्या, रोजच्या चपला. समोरून बाप्पा सगळं बघत होता.

संध्याकाळी आई आतल्या खोलीत झोपली. चहा घेताना मला राहवलं नाही. "बाबा, चपला घालून गाडीत शिरलात."

"कोन? मी? नाय."

"मी बघितलं ना."

"तुज्या डोळ्यांत पानी व्हतं. तुला काय दिसनार?" असं म्हणून ते राहिलेली आखणी करायला निघून गेले.

सकाळी मी आईचं औषध आणायला निघाले. चिखल वाळलेले तेच बूट पायात घालून गाडीत बसले, आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. रोज माझ्याकडे बघणारा बाप्पा मला पाठमोरा दिसत होता. कुणीतरी तो खरवडून काढून काचेकडे तोंड करून पुन्हा घट्ट चिकटवला होता. मी हाक मारली. सासरे हातातली माती पुसत आले.

"बाबा, बाप्पा कुणी फिरवला?"

"मी," ते म्हणाले. "आता त्याला रस्ता बघू दे. तुज्याकडं बघायची गरज नाय ऱ्हायली." आणि माझ्या पायांकडे न बघता त्यांनी गाडीचं दार लावून घेतलं.